हृदयपेशीचा सूत्रधार कोण?

न्यू यॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १७ जानेवारी १९१२ रोजी अलेक्सी कॅरेल या फ्रेंच शल्यविशारदाने कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा एक बारीक तुकडा काचपात्रात वाढीला लावला. रक्तवाहिन्या सांधण्याच्या तंत्राबद्दल त्याच वर्षी कॅरेलना नोबेल मिळाले आणि त्यांच्याबरोबर तो तुकडाही प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेली पेशींची परंपरा त्यांचे सहकारी अल्बर्ट एबेलिंग यांनी १९४६ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षे सांभाळली. एवढे आयुष्य कोणत्याही कोंबडीला लाभत नाही. वर्तमानपत्रांनी त्या भांड्याला धडधडणारे अमर हृदय करून टाकले. प्रत्यक्षात तुकड्याचे ठोके काही महिन्यांतच बंद पडले होते. पुढे वाढत राहिल्या त्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जवळपास प्रत्येक अवयवात भराव घालणाऱ्या संयोजी पेशी. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी निरोगी मानवी पेशी ठरावीक वेळाच विभागतात हे दाखवून दिले, तेव्हा त्या अमरत्वावरचा विश्वासही उडाला. खाद्य म्हणून घातल्या जाणाऱ्या भ्रूणाच्या अर्कातून ताज्या पेशी भांड्यात शिरत असाव्यात, असा संशय तेव्हापासून घेतला जातो.

कॅरेल यांच्या भांड्यात जे घडले त्याचे कारण हृदयाच्या स्वभावातच आहे. हृदयस्नायूची पेशी जन्मानंतर जवळजवळ विभागतच नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे मोठ्या युक्तीने मोजले. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळात जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत कायमचा बसला होता. त्याच्या प्रमाणावरून पेशीची जन्मतारीख काढता आली. पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का हृदयपेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्या. झटक्यात गेलेला स्नायू परत येत नाही तो यामुळे. म्हणून हृदयपेशी हवी असेल तर ती मुळापासून, म्हणजे अजून काहीच न ठरलेल्या मूलपेशीपासून घडवावी लागते. ती कशी घडते या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रत्येक पिढीने एकच सूत्रधार शोधला: कुणी एक जादूची पेशी, कुणी एक राजा जनुक, कुणी एक गुणकारी रसायन. प्रत्येक वेळी तो शोध फसला आणि त्या फसण्यातूनच खरे ज्ञान पुढे सरकले. माझे म्हणणे असे की हृदयपेशीला सूत्रधार नाही. जनुके कोणत्या क्रमाने, किती मात्रेत आणि कोणाच्या जोडीने चालू होतात यातून ती घडते. हा निष्कर्ष एखाद्या तत्त्वज्ञानातून आलेला नाही, गेल्या चार दशकांच्या प्रयोगांनी तो संशोधकांवर लादला आहे.

मुळात जनुके ‘चालू’ आणि ‘बंद’ होतात ही कल्पनाही फार जुनी नाही. १९६१ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वा जेकब आणि जाक मोनो यांनी जिवाणूंवर काम करून असे मांडले की काही जनुकांचे कामच मुळी दुसऱ्या जनुकांवर देखरेख ठेवण्याचे असते. समोर लॅक्टोज साखर आली की ती पचवणारी जनुके चालू होतात, नसेल तेव्हा दाबून ठेवली जातात. पुढच्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी बेडकाच्या डिंभाच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक अंड्यात घातले आणि त्यातून पोहणारे डिंभ तयार झाले. आतड्याची पेशी झाली तरी तिच्यातला हृदयाचा, डोळ्याचा, कातडीचा मजकूर शाबूत असतो हे त्यामुळे स्पष्ट झाले. या दोन निष्कर्षांची सांगड घातली की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. यकृताच्या पेशीत आणि हृदयाच्या पेशीत जनुकांचा संच एकच असेल, तर फरक वाचनाचा आहे. हृदयपेशीत आकुंचन घडवणारे मायोसिन, ट्रोपोनिन यांसारखे प्रथिनांचे धागे बनवणारी जनुके वाचली जातात, विद्युतप्रवाह नेणाऱ्या वाहिन्यांची जनुके वाचली जातात आणि बाकीची हजारो मिटलेली राहतात. मग काय वाचायचे हे ठरवते कोण?

१९८७ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग केंद्रातल्या हॅरल्ड वाइनट्रॉब यांच्या गटाने या प्रश्नाला अतिशय आकर्षक उत्तर दिले. त्यांनी ‘मायोडी’ नावाचे एक जनुक उंदराच्या फायब्रोब्लास्टमध्ये चालू केले आणि त्या भरावाच्या पेशी हातापायांच्या स्नायूच्या पेशी होऊ लागल्या. एका जनुकाने पेशीची जात बदलली. मायोडीपासून बनणारे प्रथिन डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि तिथली स्नायूची जनुके चालू करते. अशा नियामक प्रथिनांना तेव्हापासून वेगळेच वलय आले. कंकालस्नायूला जर असा राजा आहे तर हृदयस्नायूलाही असणारच, असे गृहीत धरून अनेक प्रयोगशाळा हृदयाच्या मायोडीच्या मागे लागल्या. वाइनट्रॉब १९९५ मध्ये वयाच्या अवघ्या ४९व्या वर्षी गेले. तोवर शोध भरात आला होता, पण हृदयाचा राजा काही हाती लागला नव्हता.

सर्वांत जवळचा उमेदवार आला तो फळमाशीतून. माशीचे हृदय म्हणजे पाठीकडून जाणारी एक साधी नळी. एक विशिष्ट जनुक बिघडले की ही नळी तयारच होत नाही, हे १९९३ मध्ये रॉल्फ बोडमर यांनी आणि स्वतंत्रपणे मानफ्रेट फ्राश यांच्या गटाने दाखवले. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधल्या, हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून त्या जनुकाचे नाव पडले टिनमॅन. त्याच वर्षी उंदरात त्याचे भावंड सापडले, एनकेएक्स२-५. राजा मिळाला असे वाटण्याचा तो क्षण होता. १९९५ मध्ये रिचर्ड हार्वी यांच्या सहभागाने झालेल्या प्रयोगात हे जनुक उंदरातून काढून टाकले गेले. हृदय तयारच होणार नाही, ही अपेक्षा. प्रत्यक्षात हृदयाची नळी तयार झाली, तिचे ठोकेही पडू लागले. ती अडकली ती पुढे, नळीला वळण पडण्याच्या टप्प्यावर, आणि भ्रूण गर्भातच मेला. म्हणजे माशीत ज्याच्यावाचून हृदय नाही, त्याच्यावाचून उंदरात हृदयाला सुरुवात होते, फक्त ते पुरे होत नाही. एनकेएक्स२-५ महत्त्वाचे ठरले, पण राजा ठरले नाही.

त्यानंतरची दहा वर्षे म्हणजे एकामागून एक भागीदार सापडण्याचा काळ. १९९७ मध्ये गाटा-४ नावाचे नियामक जनुक काढलेल्या उंदरांत हृदयाच्या दोन बाजू मध्यरेषेवर जुळल्याच नाहीत, दोन वेगळ्या नळ्या राहिल्या. त्याच वर्षी एमईएफ२सी हे दुसरे जनुक काढल्यावर उजव्या जवनिकेची घडण फसली. आणि त्याच वर्षी होल्ट-ओरम या विकारामागे टीबीएक्स-५ हे जनुक आहे असे कळले. या विकारात मुलांच्या हातांची हाडे आणि हृदयातला पडदा दोन्ही सदोष असतात. १९९८ मध्ये माणसांच्या काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या हृदयातल्या छिद्राचे आणि मंद ठोक्यांचे मूळ एनकेएक्स२-५ मध्ये सापडले. या कुटुंबांचा पुरावा मला फार बोलका वाटतो. रुग्णांत जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली होती, दुसरी ठणठणीत. तरीही दोष झाला. चालू किंवा बंद एवढाच मामला असता तर एका चांगल्या प्रतीने काम भागले असते. इथे मात्रा निम्मी झाली की घडण चुकते. २००३ मध्ये डॅलसमध्ये विदु गर्ग आणि दीपक श्रीवास्तव यांनी आणखी एक पायरी गाठली. हृदयाच्या पडद्यात छिद्र असलेल्या एका कुटुंबात गाटा-४ मध्ये एक बारीक बदल होता आणि त्या बदलामुळे गाटा-४ आणि टीबीएक्स-५ यांची एकमेकांशी जुळणी बिघडत होती. दोन्ही भागीदार हजर होते, तुटली होती ती भागीदारी. २०१६ मध्ये बेन्वा ब्रूनो यांच्या गटाने यावर शिक्कामोर्तब केले. टीबीएक्स-५ किंवा एनकेएक्स२-५ नसेल तर उरलेले भागीदार आपापली जागा सोडून डीएनएवर भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात, आणि तिथली एरवी मिटलेली जनुके उघडतात.

यावर कुणी विचारील की मायोडीचे काय? एक जनुक पुरेसे असते हे तर तिथे सिद्ध झाले होते. पण मायोडीचे राज्यही समजले जाते तितके निरंकुश नव्हते. १९९२ मध्ये रुडॉल्फ येनिश यांच्या प्रयोगशाळेत मायोडी काढलेले उंदीर जन्मले, तर त्यांचे स्नायू जवळपास नेहमीसारखे होते. त्याच कुळातले दुसरे जनुक एमवायएफ-५ काम सांभाळून घेत होते. दोन्ही काढली तेव्हाच स्नायू नाहीसे झाले. शिवाय मायोडी सगळ्या पेशींत चालत नाही. २०१३ मध्ये असे आढळले की मानवी भ्रूणीय मूलपेशीत नुसते मायोडी घातले तर फारसे काही होत नाही. त्याच्या जोडीला डीएनएची गुंडाळी सैल करणाऱ्या यंत्रणेतला बीएएफ६०सी हा घटक दिला तर मात्र स्नायू तयार होतो. हाच घटक, गाटा-४ आणि टीबीएक्स-५ यांच्या सोबत, उंदराच्या भ्रूणातल्या एरवी हृदय न होणाऱ्या भागातही ठोके देणारी ऊती उभी करतो, हे २००९ मध्ये जून ताकेउची आणि ब्रूनो यांनी दाखवले होते. १९८७ मध्ये फायब्रोब्लास्टच निवडले गेले हा प्रयोगाचा सुदैवी भाग होता. त्या पेशीत अर्धी तयारी आधीच झालेली होती.

ही तयारी नेमकी कशाची, ते शेताच्या भाषेत चटकन कळते. बियाणे कितीही चांगले असो, रानाला वाफसा नसेल तर पेरणी वाया जाते. पेशीतला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि त्या हिस्टोनवर रासायनिक खुणा असतात. काही खुणा म्हणजे इथे वाचायला हरकत नाही, काही म्हणजे हा भाग दाबून ठेवा. २०१२ मध्ये दोन गटांनी, एकाने उंदराच्या आणि दुसऱ्याने माणसाच्या मूलपेशी घेऊन, हृदयपेशी होईपर्यंतच्या वाटेवरच्या टप्प्याटप्प्याला या खुणांचे नकाशे काढले. हृदयाच्या नियामक जनुकांवर सुरुवातीला दाबण्याच्या खुणा असतात, त्या आधी उतरतात, मग वाचनाच्या खुणा येतात आणि त्यानंतर जनुक चालू होते. आकुंचनाचे धागे बनवणाऱ्या जनुकांवर मात्र तशी दाबणूक नसते. त्यांची पाळी आली की खुणा चढतात. म्हणजे कारभाऱ्यांवर पहारा आणि कामगारांना नुसती वाट पाहायची. या नकाशांमुळे एक गोष्ट वादातीत झाली: पेशीला पुढे काय व्हायचे आहे हे जनुक चालू होण्याच्या आधीच तिच्या गुंडाळीत दिसू लागते.

आता वळू मूलपेशींकडे. १९८१ मध्ये केंब्रिजमध्ये मार्टिन एव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत गेल मार्टिन यांनी, उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या काढून भांड्यात वाढवल्या. १९८५ मध्ये टोमस डॉट्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशींचे गोळे तरंगत ठेवले आणि काही गोळ्यांत हृदयस्नायूचे ठोके पडू लागले. कुणी काही शिकवले नव्हते. गोळ्याच्या आत पेशी एकमेकींना संकेत देत होत्या आणि गर्दीत कुठेतरी हृदयाची वाट सापडत होती. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणीय मूलपेशी मिळवल्या. २००१ मध्ये हैफाच्या टेक्निऑनमध्ये लिओर गेपस्टाइन यांच्या गटाने त्यांपासून हृदयपेशी मिळवल्या, पण सुमारे ८ टक्के गोळ्यांतच ठोके दिसले. हे प्रमाण नशिबावर सोडलेल्या कामाचे होते. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये क्रिस्टीन ममरी यांनी मूलपेशी दुसऱ्या एका पेशीजातीच्या सहवासात ठेवल्या आणि ठोके अधिक भरवशाने मिळवले. ही जात भ्रूणातल्या हृदयाशेजारच्या अंतःस्तरासारखी होती. शेजार हवा हे कळले, पण शेजारी नेमके काय सांगतो ते अजून कळायचे होते.

ते कळायला भ्रूणाचाच अभ्यास लागला, आणि इथेच क्रमाचा मुद्दा सर्वांत ठळक होतो. ‘विंट’ नावाचे संकेत देणाऱ्या प्रथिनांचे एक कुळ आहे. माशीत हृदय होण्यासाठी हा संकेत लागतो असे दिसले होते. २००१ मध्ये कोंबडी आणि बेडूक यांच्या भ्रूणांवर काम करणाऱ्या दोन गटांनी नेमके उलट सांगितले: विंट दाबला तरच हृदय होते. काही वर्षे हा विरोधाभास तसाच राहिला. दोन्ही बाजूंपैकी कोणीतरी चुकले असणार असे मानायला जागा होती. मग २००६ आणि २००७ मध्ये झालेल्या कामातून उलगडा झाला की दोन्ही बाजू बरोबर होत्या. मूलपेशी मध्यस्तराची पेशी होण्याच्या काळात विंट हवाच. पुढे मध्यस्तरातून हृदयाकडे वळताना तोच संकेत घातक ठरतो. संकेताचा अर्थ त्याच्या स्वतःत नव्हता. पेशीच्या आत त्या वेळी कोणती जनुके आधीच चालू आहेत यावर तो ठरत होता. २००७ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मायकेल लाफ्लाम आणि चार्ल्स मरी यांनी आधी अ‍ॅक्टिव्हिन-ए आणि मग बीएमपी-४ असे दोन वाढीचे घटक ओळीने देऊन ३० टक्क्यांहून अधिक हृदयपेशी मिळवल्या. जुन्या पद्धतीत प्रमाण १ टक्क्याच्या खाली होते. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या शॉन पालेसेक यांच्या गटाने वाढीचे घटकही बाजूला ठेवले. पहिल्या दिवशी विंटचा मार्ग उघडणारे रसायन आणि काही दिवसांनी तोच मार्ग बंद करणारे दुसरे रसायन, एवढ्यावर १४ दिवसांत ८० ते ९८ टक्के पेशी हृदयस्नायूच्या झाल्या. आज जगभरच्या प्रयोगशाळांत याच पद्धतीचे अवतार वापरले जातात. औषधांमुळे ठोके बिघडतात का हे तपासायला आणि रुग्णाच्याच पेशींतून त्याचा विकार भांड्यात उभा करायला त्या कामी येतात. २००६ मध्ये क्योटोत काझुतोशी ताकाहाशी आणि शिन्या यामानाका यांनी चार जनुके घालून उंदराच्या फायब्रोब्लास्टपासून मूलपेशी घडवल्या, पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींवर तेच साधले. त्यामुळे भ्रूणाची गरजही उरली नाही.

इथे एक गंभीर आक्षेप घ्यायला हवा. दोन रसायने ओळीने टाकली की काम होत असेल, तर ही निव्वळ पाककृती झाली. जनुक-नियमनाचे ज्ञान त्यामागे होते असे म्हणणे म्हणजे यशाला मागाहून शास्त्र चिकटवणे नव्हे का? आक्षेपात तथ्य आहे. मात्रा आणि दिवस ठरवताना खूप चाचपडणे झाले, एका पेशीवाणाला जमलेली मात्रा दुसऱ्याला जमत नाही, आणि आजही प्रत्येक प्रयोगशाळेला ती स्वतः बसवून घ्यावी लागते. पण कोणती रसायने घ्यायची आणि विशेषतः तोच मार्ग आधी उघडून मग बंद करायचा ही कल्पना चाचपडून सुचण्यासारखी नव्हती. एखादे रसायन उपयोगी ठरले तर माणूस ते वाढवत नेतो. उपयोगी ठरलेलेच उलटवून पाहायचे धैर्य भ्रूणाच्या अभ्यासाने दिले. आणि वाणागणिक मात्रा बदलावी लागते हेही माझ्याच बाजूचा पुरावा आहे. रसायन सूत्रधार असते तर सगळीकडे तितकेच चालले असते. प्रत्येक पेशीवाणाची आतली अवस्था थोडी वेगळी असते आणि तोच संकेत ती वेगळ्या रीतीने वाचते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन इन्स्टिट्यूटमध्ये मासाकी इएदा आणि दीपक श्रीवास्तव यांनी १४ उमेदवार जनुकांपासून सुरुवात केली आणि एकेक वगळत शेवटी तीनच ठेवली: गाटा-४, एमईएफ२सी आणि टीबीएक्स-५. ती तीन उंदराच्या फायब्रोब्लास्टमध्ये घातली, तर मूलपेशीची पायरी गाळून थेट हृदयपेशीसारख्या पेशी तयार झाल्या. मग क्रमाचे काय राहिले? सगळे टप्पे ओलांडून उडी मारता येत असेल तर टप्पे अनिवार्य कसे? या प्रश्नाचे उत्तर पुढच्या काही वर्षांच्या कामात आहे. पहिल्या प्रयोगात बऱ्याच पेशींनी हृदयाची एखादी खूण दाखवली, पण खरोखर आकुंचन पावल्या त्या थोड्या, आणि तेही काही आठवड्यांनंतर. २०१२ मध्ये दुसऱ्या एका गटाने हेच करून पाहिले आणि ही पद्धत फार अकार्यक्षम असल्याचे नोंदवले. माणसाच्या पेशींना तीन जनुके पुरली नाहीत, आणखी घालावी लागली. २०१५ मध्ये ली चिएन यांच्या गटाने दाखवले की तिन्ही जनुके तीच ठेवून एमईएफ२सी जास्त आणि बाकीची दोन कमी अशी मात्रा राखली तर यश लक्षणीय वाढते. उडी मारता येते, पण बहुतेक पेशी मधेच पडतात, आणि पोचतात त्या योग्य मात्रेमुळे. टप्पे गाळण्याची किंमत काय असते, याचा हिशेबच त्या प्रयोगांनी मांडला.

क्रम न पाळता नुसत्या पेशीवर भिस्त ठेवली की काय होते, याचे उदाहरण मात्र दुःखद आहे. २००१ मध्ये पिएरो अनवेर्सा यांच्या सहभागाने ‘नेचर’मध्ये आलेल्या लेखात असा दावा होता की अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या जखमी हृदयात टोचल्या की नऊ दिवसांत गेलेल्या स्नायूचा मोठा भाग नव्याने भरून येतो. रक्तपेशी बनवण्याच्या वाटेवर पुढे गेलेली पेशी नुसत्या हृदयाच्या शेजाराने हृदयस्नायू होईल, हे त्यात गृहीत होते. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात मरी यांच्या आणि आणखी एका गटाने जनुकीय खुणा लावून माग काढला. त्या पेशी रक्ताच्याच राहिल्या होत्या. पण तोवर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या आणि त्या सुरूच राहिल्या. २०१८ मध्ये हार्वर्ड वैद्यक विद्यालय आणि ब्रिगहॅम रुग्णालय यांनी चौकशीअंती अनवेर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत अशी शिफारस केली. त्या निबंधांतल्या खोट्या माहितीचा भाग वेगळा. तो दावा इतकी वर्षे टिकला कसा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मूलपेशी म्हणजे जिथे टाकाल तिथले रूप घेणारी पेशी, ही समजूत लोकांना हवी होती, हे त्याचे एक कारण. ज्यांना नियमनाचा क्रम ठाऊक होता त्यांनीच आधी शंका घेतली, ही योगायोगाची गोष्ट नाही.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो घडवलेल्या पेशींवरच आहे. भांड्यात तयार होणारी हृदयपेशी गर्भातल्या बाळाच्या पेशीसारखी असते. ती जन्मापूर्वीच्या प्रकारचे ट्रोपोनिन बाळगते, स्निग्धाम्लांऐवजी साखरेवर जास्त जगते, तिच्यात विद्युतसंकेत खोलवर पोचवणाऱ्या नळ्यांचे जाळे विणलेले नसते आणि ती आपणहून ठोके देत राहते. मरी यांच्या सिएटलच्याच गटाने २०१४ मध्ये माकडांच्या जखमी हृदयात सुमारे १०० कोटी पेशी सोडल्या. त्या रुजल्या, आजूबाजूच्या स्नायूशी जोडल्या गेल्या, पण सर्व माकडांत ठोक्यांची लय बिघडली. मग नियमनाच्या एवढ्या ज्ञानाचा उपयोग काय? मला वाटते, ही अपुरी वाढच क्रमाचा सर्वांत चांगला पुरावा आहे. भ्रूणातले पहिले काही आठवडे आपण नक्कल करायला शिकलो. जन्मानंतर जनुकांची जी दुसरी अदलाबदल होते ती अजून भांड्यात उतरलेली नाही, म्हणून पेशी जिथे आपले ज्ञान थांबते तिथेच थांबते. आणि ज्ञान पुढे सरकले तशी पेशीही सरकली. २०२३ मध्ये मरी यांच्या गटाने पेशींना आपणहून ठोके द्यायला लावणारी तीन जनुके काढली, प्रौढ पेशीला शांत ठेवणारे एक जनुक चढवले, आणि अशा पेशी डुकरांच्या हृदयात सोडल्यावर ठोक्यांची लय तशी बिघडली नाही. पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे यांनी २०१४ मध्ये आणि ओसाकात योशिकी सावा यांनी २०२० मध्ये मूलपेशीजन्य पेशी प्रत्यक्ष रुग्णांच्या हृदयावर लावल्या. मेनाशे यांनी तर पूर्ण हृदयपेशी न घेता मुद्दाम तिच्या आधीच्या टप्प्यावरच्या पेशी निवडल्या. कोणत्या टप्प्याची पेशी द्यायची, हाच आता उपचाराचा प्रश्न झाला आहे.

हा इतिहास आपल्या दाराशीही येऊन थांबतो. भारतात मूलपेशींच्या नावावर हृदयापासून मेंदूपर्यंत सर्व विकारांवर उपचार विकणारी केंद्रे गेली अनेक वर्षे चालत आली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्ताच्या काही विकारांसाठी मान्य झालेल्या प्रत्यारोपणापलीकडे मूलपेशींचा वापर हा संशोधनच मानला जाईल आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच करता येईल. अनेकांना हा सरकारी आडमुठेपणा वाटतो. वर सांगितलेली हकिकत लक्षात घेतली तर ती सावधगिरी विज्ञानातूनच निघते हे कळते. जिथे ही पेशी सूत्रधार म्हणून विकली जाते, तिथे रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारावे असे प्रश्न तीनच आहेत: ही पेशी आज कोणत्या टप्प्यावर आहे, ती हृदयाच्या वाटेवर कोणत्या क्रमाने आणली, आणि टोचल्यावर ती हृदयाचीच झाली याचा माग कसा काढला? कॅरेलपासून अनवेर्सापर्यंतच्या दाव्यांना हेच प्रश्न वेळेवर विचारले गेले असते, तर विज्ञानाची कित्येक वर्षे आणि कित्येक रुग्णांची आशा वाया गेली नसती.